बल्गेरियाचा 'लेव' इतिहासजमा झाला, पण तो खरंच बल्गेरियाच्या हातात होता का?

१ जानेवारी २०२६ ला बल्गेरिया युरो वापरणारा २१ वा देश झाला. महिनाभर दुकानांमध्ये दोन्ही चलनं चालली आणि १ फेब्रुवारीपासून 'लेव' व्यवहारातून बाद झाला. १८८१ साली या चलनाची पहिली नाणी पाडली होती. म्हणजे जवळपास १४५ वर्षांचा प्रवास संपला.

हा बदल काही गोडीगुलाबीनं झालेला नाही. त्याआधीच्या वर्षभरात सोफियाच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, संसदेत धक्काबुक्की झाली, राष्ट्रपतींनी सार्वमत घ्या म्हणून सांगितलं. 'आमचा लेव वाचवा' ही घोषणा जोरात होती. चलन म्हणजे देशाची ओळख, ते दिलं तर सार्वभौमत्व गेलं, असा विरोधकांचा मुद्दा.

ऐकायला तो पटतोही. पण जुनी नाणी जमवणाऱ्या कुणाच्याही अल्बममधलं बल्गेरियाचं पान उघडलं, तर वेगळंच काहीतरी दिसतं. तिथं एक लेव नाही, चार लेव आहेत. आणि चारही बहुतेक काळ कुणाच्या ना कुणाच्या खुंटीला बांधलेले होते.

हे नक्की काय प्रकरण आहे, ते समजून घेऊ.

सिंहाच्या नावाचं चलन

'लेव' या शब्दाचा अर्थ सिंह. शेजारच्या रोमेनियाचं चलन 'लेउ', त्याचाही अर्थ सिंहच. ऑटोमन काळात या भागात डच व्यापाऱ्यांची सिंहाचं चित्र असलेली चांदीची नाणी फिरायची, त्यांच्यावरून ही नावं रुळली असं सांगितलं जातं.

बल्गेरिया जवळपास पाच शतकं ऑटोमन सत्तेखाली होता. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर त्याला स्वतःचं राज्य मिळालं. १८७९ मध्ये मध्यवर्ती बँकेची सनद निघाली, १८८० मध्ये नाणी पाडण्याचा कायदा झाला आणि १८८१ मध्ये २, ५ आणि १० स्तोतिंकांची तांब्याची नाणी आली. १०० स्तोतिंका म्हणजे १ लेव. देशात स्वतःची टांकसाळ नव्हती, म्हणून ही पहिली नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडून आणली. पुढच्या वर्षी चांदीचे १ आणि २ लेव आले, ते रशियातल्या सेंट पीटर्सबर्गहून.

आता गंमत बघा. १ लेवच्या चांदीच्या नाण्याचं वजन ठरवलं ५ ग्रॅम आणि चांदीची शुद्धता ८३५. फ्रान्सच्या १ फ्रँकचं मापही अगदी हेच होतं.

हा योगायोग नव्हता. फ्रान्स, इटली, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड यांनी १८६५ मध्ये 'लॅटिन चलन संघ' काढला होता. प्रत्येकाची नाणी आपापली, पण वजन आणि शुद्धता एकच, त्यामुळे एकाचं नाणं दुसऱ्याकडे चालायचं. बल्गेरियानं या संघाचं औपचारिक सदस्यत्व घेतलं नाही, पण माप मात्र जसंच्या तसं उचललं. नव्या देशाच्या नाण्यावर कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता आणि फ्रँकवर सगळ्यांचा विश्वास होता.

थोडक्यात, ज्या चलनाला आज 'अस्सल बल्गेरियन' म्हटलं जातंय, ते जन्मालाच आलं त्या काळच्या युरोपच्या सामायिक चलनाची जुळी बहीण म्हणून.

नाव एक, चलनं चार

पहिल्या महायुद्धात बल्गेरिया हरलेल्या बाजूला होता. युद्धखर्च आणि नंतरची नुकसानभरपाई यात लेवची किंमत घसरली, चांदीची जागा हलक्या धातूंनी घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर १९४१ साली चक्क लोखंडाची नाणी निघाली. १, २, ५, १० लेवची ही नाणी संग्राहकांकडे बहुतेक वेळा गंजलेलीच सापडतात. तेव्हा लेव जर्मनीच्या राइखमार्कला जोडलेला होता. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि खुंटी बदलली, लेव रूबलला बांधला गेला.

इथून पुढची गोष्ट सामान्य माणसाच्या खिशाची आहे.

मार्च १९४७ मध्ये कम्युनिस्ट राजवटीनं मोठ्या नोटा बाद केल्या. ठराविक रकमेपुरत्याच नोटा बदलून मिळाल्या, उरलेले पैसे खात्यात अडकवून ठेवले गेले. २०१६ ची नोटबंदी पाहिलेल्यांना हे वर्णन फार परकं वाटणार नाही, पण बल्गेरियात गोष्ट तिथं थांबली नाही. मे १९५२ मध्ये अख्खं चलनच बदललं. वस्तूंच्या किमती २५ जुन्या लेवला १ नवा लेव या हिशोबानं बदलल्या, पण घरातल्या रोख रकमेला भाव मिळाला १०० ला १. बँकेतल्या ठेवींना रकमेनुसार आणखी वेगळे दर.

हे एकदा सावकाश वाचा. पावाची किंमत २५ नं भागली गेली आणि तुमच्या गादीखालची रोकड १०० नं. म्हणजे एका रात्रीत रोकड बाळगणाऱ्याची तीन चतुर्थांश खरेदीशक्ती गेली. सरकारनं कर लावला नाही, जप्ती आणली नाही, फक्त भागाकार केला.

हा झाला दुसरा लेव. तो दहा वर्षंही टिकला नाही. १ जानेवारी १९६२ ला १० जुन्यांचा १ नवा, म्हणजे तिसरा लेव आला. आणि १९९९ मध्ये १,००० जुन्यांचा १ नवा, तो चौथा.

शून्यांचा हिशोब मांडला तर १०० गुणिले १० गुणिले १,०००, म्हणजे १० लाख. १९५१ मध्ये घरात रोख ठेवलेले १० लाख लेव या सगळ्या बदलांमधून वेळेवर बदलून घेत आणले असते, तर १९९९ मध्ये हातात १ लेव उरला असता. आजच्या हिशोबात ५१ युरो सेंट.

नावावर मात्र ओरखडाही नाही. चलन तीन वेळा बदललं, पण लोक म्हणत राहिले 'लेव'. बहुधा म्हणूनच 'आमचा १४५ वर्षांचा लेव' असं म्हणता येतं. नाणी हातात घेऊन पाहिली की ती सलगता दिसत नाही. कम्युनिस्ट काळातलीच दोन नाणी घ्या. १९६२ च्या नाण्यावरच्या राजचिन्हात ९ सप्टेंबर १९४४ ही कम्युनिस्ट सत्तांतराची तारीख आहे. १९७४ च्या नाण्यावर तिथं दोन साल आहेत, ६८१ आणि १९४४. ६८१ हे पहिल्या बल्गेरियन राज्याच्या स्थापनेचं साल मानतात. सत्ता तीच, पण मधल्या काळात तिला आपला इतिहास १९४४ पासून नाही, तेराशे वर्षांपासून सुरू होतो हे सांगण्याची गरज वाटू लागली होती. एवढा मोठा राजकीय बदल, आणि तो शोधायला भिंग लागतं.

१९९७ चा हिवाळा

आजच्या बल्गेरियात पन्नाशी ओलांडलेल्या कुणाशीही पैशाबद्दल बोलायचं तर एका हिवाळ्यापाशी यावंच लागतं. तो म्हणजे १९९६-९७ चा.

कम्युनिस्ट राजवट संपली, तरी तोट्यातले सरकारी कारखाने चालूच होते. बँका त्यांना कर्ज देत होत्या. काही बँका राजकीय लागेबांधे असलेल्या धंदेवाल्यांनाही कर्ज देत होत्या, जे परत येण्याची शक्यता नव्हतीच. बँका बुडायला आल्या की मध्यवर्ती बँक त्यांना पैसे पुरवायची. ते पैसे यायचे कुठून, तर छापून. १९९६ मध्ये डझनाहून अधिक बँका कोसळल्या. लोकांनी उरलेले लेव काढून डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि लेव आणखी खाली गेला. त्यात आधी भरमसाठ गहू निर्यात झालेला, त्यामुळे देशात धान्याची टंचाई, पावासाठी रांगा.

१९९६ च्या सुरुवातीला १ डॉलरला साधारण ७० लेव पडायचे. फेब्रुवारी १९९७ मध्ये हा आकडा ३,००० च्या आसपास पोहोचला. म्हणजे कुणी १ लाख लेव साठवले असतील, तर त्यांची किंमत साधारण १,४०० डॉलरवरून ३३ डॉलरवर आली. वर्षभरात. एकट्या फेब्रुवारी महिन्यात महागाई २४० टक्क्यांच्या पुढे गेली. वर्षात नाही, महिन्यात.

सरकार डिसेंबरातच पायउतार झालं होतं. १० जानेवारी १९९७ ला संतापलेला जमाव संसदेच्या इमारतीत घुसला. एप्रिलमध्ये मुदतपूर्व निवडणुका झाल्या.

त्या वर्षाच्या खुणा संग्राहकांसाठी अगदी स्वस्तात मिळतात. संत सिरिल आणि मेथोडियस यांचं चित्र असलेली ५०,००० लेवची नोट १९९७ ची. त्याच साली ५० लेवचं नाणं निघालं. दोन वर्षांनी शून्य काढल्यावर ते ५ स्तोतिंकांचं झालं आणि ती भारदस्त नोट उरली ५० लेवची. तिची आजच्या युरोतली किंमत होते २५ युरो ५६ सेंट.

मग १.९५५८३ हा आकडा आला कुठून?

बल्गेरियात युरो आला तेव्हा दर ठरला १ युरो = १.९५५८३ लेव. पाच दशांश स्थळांपर्यंतचा हा विचित्र आकडा सध्या तिथं लहान पोरांनाही पाठ असेल, कारण ८ ऑगस्ट २०२५ पासून वर्षभर प्रत्येक किंमत दोन्ही चलनांत लिहिणं बंधनकारक करण्यात आलं.

जर्मनीत ज्यांनी २००२ चा युरोबदल पाहिला, त्यांना मात्र हा आकडा ओळखीचा वाटेल. १ युरो = १.९५५८३ जर्मन मार्क. अगदी तोच.

१ जुलै १९९७ ला बल्गेरियानं 'करन्सी बोर्ड' पद्धत स्वीकारली. सोप्या भाषेत सांगायचं तर मध्यवर्ती बँकेनं स्वतःचे हात स्वतःच बांधून घेतले. १,००० लेव म्हणजे १ जर्मन मार्क, हा दर कायद्यानं पक्का. बाजारात जेवढे लेव असतील तेवढ्या किमतीची परकीय गंगाजळी तिजोरीत असायलाच हवी. सरकारला कर्ज द्यायचं नाही, नोटा छापून बँका वाचवायच्या नाहीत. मागाल तेव्हा लेव घेऊन त्या दरानं मार्क द्यायचे.

उपाय जालीम होता, पण लागू पडला. १९९८ संपताना महागाई एक आकडी झाली. १९९९ मध्ये तीन शून्यं काढली आणि १ लेव बरोबर १ मार्क झाला. पुढे मार्क युरोत विरघळला आणि लेव आपोआप युरोला चिकटला, मार्कच्याच दरानं.

म्हणजे १९९७ ते २०२५ अशी २८ वर्षं लेव हा खऱ्या अर्थानं बल्गेरियन वेशातला मार्क होता, नंतर बल्गेरियन वेशातला युरो. फ्रँकफर्टमध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेनं व्याजदर बदलला की त्याचा परिणाम सोफियात व्हायचाच. फरक एवढाच की त्या बैठकीत बल्गेरियाला खुर्ची नव्हती. आता आहे. युरो घेतल्यापासून बल्गेरियन नॅशनल बँकेचे गव्हर्नर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या नियामक मंडळावर बसतात.

'युरो घेतल्यानं सार्वभौमत्व गेलं' या दाव्याची अडचण इथं आहे. चलनाचं सार्वभौमत्व गेलं ते १९९७ मध्ये, आणि ते बाहेरच्या कुणी हिसकावून नेलं नाही. घरच्याच सत्ताधाऱ्यांनी आणि बँकवाल्यांनी त्याची अशी वाट लावली होती की ते बांधून ठेवलं तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तरी एवढा विरोध का?

कारण भीती खोटी नाही. फक्त तिचं मूळ दुसरीकडे आहे.

साधारण ६४ लाख लोकसंख्येचा बल्गेरिया युरोपीय संघातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक. युरोबद्दल देश जवळपास निम्मा-निम्मा विभागलेला होता. मे २०२५ मध्ये राष्ट्रपती रुमेन रादेव यांनी सार्वमताचा प्रस्ताव मांडला, तो संसदेत फेटाळला गेला. 'व्हझ्राझ्दाने' या रशियाकडे झुकलेल्या राष्ट्रवादी पक्षानं मोर्चे काढले. त्याआधी फेब्रुवारीत आंदोलकांनी सोफियातल्या युरोपीय संघाच्या कार्यालयावर लाल रंग फेकला, दाराला आग लावली. ८ जुलैला युरोपीय संघानं अंतिम मंजुरी दिली, त्या दिवशीही बल्गेरियाच्या संसदेत हाणामारीचा प्रसंग आला.

डिसेंबरमध्ये तर सरकारच गेलं. युरोत मांडलेल्या देशाच्या पहिल्या अर्थसंकल्पाविरोधात आणि भ्रष्टाचाराविरोधात प्रचंड निदर्शनं झाली, ११ डिसेंबर २०२५ ला पंतप्रधान रोसेन झेल्याझकोव्ह यांनी राजीनामा दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, काळजीवाहू अवस्थेत, देश युरोत शिरला. त्या गर्दीतल्या अनेकांचा युरोला विरोध नव्हता. अर्थसंकल्प कोणत्या चलनात आहे यापेक्षा तो कुणाच्या हातात आहे, हा त्यांचा प्रश्न होता.

सामान्य घरांमधली सगळ्यांत मोठी भीती होती महागाईची. याआधी युरो घेतलेल्या देशांमध्ये निव्वळ चलनबदलामुळे किमती किती वाढल्या याचे अंदाज अर्ध्या टक्क्याच्या आतले आहेत. पण माणूस सरासरीत जगत नाही. उदाहरण घ्या. १ लेव २० स्तोतिंकांची कॉफी नियमानं ६१ सेंटची व्हायला हवी. दुकानदारानं 'सुट्ट्यांची कटकट नको' म्हणून ६५ लावले, तर ती वाढ जवळपास ६ टक्के होते. फ्रिज रोज घेत नाही कुणी, कॉफी रोज घेतात, केस दर महिन्याला कापतात. त्यामुळे वाढ जाणवते ती इथं. जर्मनीत २००२ मध्ये हेच झालं होतं. 'महाग' साठीचा 'टॉयर' आणि 'युरो' जोडून लोकांनी 'टॉयरो' असा शब्द केला आणि तो त्या वर्षाचा शब्द ठरला.

बल्गेरियात या नेहमीच्या तक्रारीखाली आणखी एक थर आहे. १९४७, १९५२, १९६२, १९९७, १९९९. एकाच आयुष्यात इतक्यांदा 'आता पैसे बदलायचेत' ही घोषणा ऐकलेल्या आजी-आजोबांना सहाव्यांदा ती ऐकवली गेली. यातल्या काही बदलांत खरंच नुकसान झालं नव्हतं, १९९९ ला तर फक्त शून्यं गेली. पण ज्यांची ठेव एकदा भागाकारात आणि एकदा बँकेबरोबर बुडाली, त्यांनी प्रत्येक बदलाकडे संशयानं पाहिलं तर त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे, बरोबर नाही.

जुन्या लेवचं आता काय होणार?

सरकारनं यावेळी एक गोष्ट शहाणपणाची केली. बदलण्याची मर्यादा ठेवली नाही. ३० जून २०२६ पर्यंत बँकांमध्ये, आणि जिथं बँकेची शाखा नाही अशा गावांमध्ये टपाल कार्यालयातही, लेव फुकट बदलून देण्याची सोय ठेवली. त्यानंतर बँका शुल्क लावू शकतात. पण बल्गेरियन नॅशनल बँकेत नाणी आणि नोटा कायमस्वरूपी, विनाशुल्क बदलून मिळणार आहेत.

सगळ्यांनी असं केलेलं नाही. इटलीनं २०११ च्या डिसेंबरमध्ये ठरलेल्या मुदतीआधीच लिराची खिडकी बंद केली. फ्रान्सच्या शेवटच्या फ्रँक नोटा फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्दी झाल्या. क्रोएशियानं कुनाच्या नोटांना मुदत ठेवली नाही, पण नाण्यांना २०२५ अखेरपर्यंतच वेळ दिला. जर्मनी मात्र आजही मार्क बदलून देतो आणि तरीही १२ अब्जांहून जास्त मार्क परत आलेलेच नाहीत. कुणाच्या तळघरात, कुणाच्या पुस्तकात, आणि बरेचसे संग्राहकांच्या अल्बममध्ये.

संग्राहकांच्या दृष्टीनं या निर्णयाला दोन बाजू आहेत. १ लेवच्या नाण्याची किंमत ५१ सेंटच्या खाली जाणार नाही, कारण सोफियात तेवढे कधीही मिळतील. पण ते दुर्मीळही इतक्यात होणार नाही, कारण कोट्यवधी नाणी लोकांकडे आहेत आणि ती मोडीत काढायची घाई कुणालाच नाही. त्यामुळे 'बंद पडलेलं चलन, आत्ताच घ्या, भाव दहापट होणार' अशी पोस्ट दिसली तर पुढे सरका. नाण्याला किंमत येते ती किती पाडली, किती उरली आणि कोणत्या अवस्थेत आहे यावरून. मोनॅकोनं २००७ मध्ये ग्रेस केली यांच्या स्मरणार्थ २ युरोची जेमतेम २० हजार नाणी काढली होती. वय काहीच नाही, पण त्यांना आज सोन्यासारखा भाव आहे. उलट १९९७ ची बल्गेरियन नाणी, एवढा थरारक इतिहास असूनही, चहाच्या किमतीत मिळतात.

भारतात 'जुनी नोट विका, लाखो मिळवा' छापाच्या जाहिराती सगळ्यांच्या फोनवर येऊन गेल्यात. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये सांगावं लागलं होतं. परदेशी नाण्यांच्या बाबतीत पाणी आणखी गढूळ असतं, कारण विकत घेणाऱ्याला मूळ नाणं कसं दिसतं हेच माहीत नसतं.

बल्गेरियाच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. हा देश प्राचीन थ्रेसियन, ग्रीक आणि रोमन नाण्यांचं कोठार आहे. मेटल डिटेक्टर घेऊन बेकायदा खणणाऱ्यांचा तिथं सुळसुळाट आहे आणि प्राचीन नाण्यांच्या बेमालूम नकलांसाठीही तो संग्राहकांमध्ये बदनाम आहे. २००९ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानं अशा वस्तू बाळगणं आणि बाहेर नेणं यावर बंधनं आणली. त्यामुळे 'बल्गेरियातून थेट' आलेलं स्वस्त रोमन नाणं एकतर खोटं असतं, नाहीतर चोरीचं असण्याची शक्यता बरीच असते. छंद सुरू करायचा तर लेव आणि स्तोतिंका पुरेशा आहेत. १८८१ चं एखादं झिजकं तांब्याचं नाणं, १९४१ चं लोखंडी, १९६२ आणि १९७४ ची जोडी, १९९७ चं ५० लेव आणि १९९९ ची स्तोतिंका. एवढ्यात अख्खं शतक बसतं. फक्त मिळाल्यावर चिंच-मिठानं घासून चकचकीत करू नका, संग्राहकासाठी त्या नाण्याची किंमत तिथंच संपते.

आणि हो, जुन्या नाण्यांवरची चित्रं गेलेली नाहीत. चौथ्या लेवच्या काळात स्तोतिंकांवर मादाराचा घोडेस्वार होता, आठव्या शतकाच्या सुरुवातीला उंच कड्यावर कोरलेलं शिल्प. १ लेववर रिला मठाचे संस्थापक संत इव्हान, २ लेववर १७६२ मध्ये बल्गेरियन लोकांचा इतिहास लिहिणारे साधू पैसी. बल्गेरियाच्या युरो नाण्यांवरही हेच तिघं, याच क्रमानं आहेत. सेंटवर घोडेस्वार, १ युरोवर इव्हान, २ युरोवर पैसी. २ युरोच्या कडेवर 'देवा, बल्गेरियाचं रक्षण कर' ही ओळ आहे, जी २ लेवच्या नाण्यावरही होती. युरोच्या नोटांवर तर 'युरो' हा शब्द सिरिलिक लिपीत २०१३ पासूनच छापला जातोय. २००७ मध्ये युरोपीय संघात आल्या आल्या बल्गेरियानं त्याच्या स्पेलिंगवरून भांडण काढलं होतं, आणि जिंकलंही होतं.

राहता राहिला तो १.९५५८३ चा आकडा. जर्मन मार्क जाऊन दोन दशकं उलटली, लेवही गेला. पण बाल्कनमध्येच, बोस्निया-हर्झेगोविनात, १९९८ पासून 'कन्व्हर्टिबल मार्क' नावाचं चलन चालतं. तेही करन्सी बोर्डानं बांधलेलं, आणि १ युरोला आजही तिथं मिळतात बरोबर १.९५५८३ मार्क.